तसबिरीमागचं पुणं

सासरहून हाकलून दिलेली बाई पिशवी आणि रडं अशा दोन गोष्टी घेऊन येते, असा मच्छिंद्रचा अनुभव होता. ज्ञानेश्वरी रणवरे नुसती पिशवी घेऊन आली.

दौंड स्टेशनसमोर सायकलच्या दुकानावर एक खोली आहे. दारावर पाटी आहे, 'नकुशी दोरगे, खाजगी तपास'. चार मुलींवर पाचवी झाली म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. पुढे सरकारी माणसं नाव बदलून देतो म्हणून आली, तेव्हा बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "ज्यांनी ठेवलं त्यांना लाज वाटू द्या. मला कशाला?" रेल्वे पोलिसात सव्वीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. माणसांबद्दल त्यांचं मत तिथंच बनलं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

सोबतीला मच्छिंद्र गुंजाळ. मालगाडीचा निवृत्त गार्ड. सगळं आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात गेल्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या नंतर कळायची.

"बोला," नकुशीबाई म्हणाल्या. "रडायचं असेल तर आधी रडून घ्या."

"रडायला न्हाई आले. माझी पोरगी वरवंडला ठेवून घेतलीय त्यांनी. राजनंदिनी. चार वर्षांची हाय. नकाशा आण आन् पोरगी ने, म्हणत्यात. नकाशा मी घेतलाच न्हाई, तर आणू कुठनं?"

"कसला नकाशा?"

"पुण्याचा. जमिनीखालच्या पुण्याचा."

मच्छिंद्रने चहाचा कप खाली ठेवला. त्याच्या डोक्यात भुयारं आणि हंडे आले असणार.

ज्ञानेश्वरीने नीट सांगितलं. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरात पाणी आणायला जमिनीखालून दगडी नहर बांधला. जागोजाग हौद, आणि हवा खेळायला वर उच्छ्वास, म्हणजे दगडी धुराड्यासारखे मनोरे. तिच्या सासऱ्यांचा, जालिंदर आप्पांचा, कुणी खापरपणजोबा त्या कामावर देखरेखीला होता, असं घरात सांगत. गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक झाडताना तिला कापडावर काढलेला एक नकाशा सापडला. अक्षर मोडी. घरात ते कुणालाच येत नव्हतं. तिला येत होतं, लग्नाआधी पुण्यात शिकताना तिने त्याचा वर्ग केला होता.

"मुख्य नहर सगळ्यांना ठाऊक हाय. ह्या नकाशात एक वेगळी फांदी हाय. एका पेठेत जाऊन ती मोठ्या हौदात संपती. तो हौद कुठंच नोंदलेला न्हाई. मी जाऊन बघून आले. वर पडका वाडा हाय, गाड्या लावत्यात तिथं. कडंला एक उच्छ्वास अजून उभा हाय. त्याच्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवल्यात. कान लावला तर खालून पाणी वाजतं."

"आणि पुणेकर?"

"त्याच्या आडोशाला लघवी करत्यात."

नकुशीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "पुढं."

पुढचं सगळं घडलं ते सत्कारात. नकाशाची बातमी पसरली तसा आप्पांना मोठेपणा चढला. त्यांचा चुलत पुतण्या माऊली याने रानात मंडप टाकला. पुण्याहून प्रमुख पाहुणा बोलावला, 'लपलेलं पुणं' नावाने लोकांना गल्ल्यांतून हिंडवणारा इंद्रजीत. सकाळी नऊला आप्पांनी पाहुण्याला नकाशा दाखवला, फोटो काढू दिला नाही, आणि माजघरातल्या ट्रंकेत परत ठेवला. फोटो काय तो मंडपात, सगळ्यांसमोर निघायचा होता. सत्कार आटोपले, आणि नकाशा आणायला गेले तर ट्रंक रिकामी.

"माजघरात कोण कोण गेलं होतं?"

"सत्काराचं सामान तिथंच मांडलं होतं. शाली, नारळ, तसबिरी. मी ताटं न्यायला जात होते. माऊलीभावजी सामान लावत होते. ते पुण्याचे पाहुणे झब्बा बदलायला गेले. आन् सासूबाई."

"झडती?"

"माऊलीभावजींनीच घ्यायला लावली. पाहुण्यांच्या पिशव्या, गाड्या, मग सगळं घर. काय न्हाई मिळालं. माझा भाऊ तेवढा झडतीच्या आधी निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मग काय, मी त्याच्याकडं दिला असणार म्हणून ठरलं. नकाशा सरकारी दफ्तरखान्यात द्यावा, चार अभ्यासक बघतील, असं मी आधी म्हणाले होते ना. तेच धरून बसले. चावडीवर पंधरा माणसांसमोर आप्पा म्हणाले, आमच्या घरात चोरटी आली."

"नवरा काय म्हणाला?"

"काय न्हाई."

"माहेरी येऊन बारा दिवस झाले तुम्हाला. एकदा तरी केडगावला आला?"

ज्ञानेश्वरीने मानेनेच नाही म्हटलं. नकुशीबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ते नवऱ्याबद्दल होतं आणि छापण्यासारखं नव्हतं.

दुपारी दोघं वरवंडला पोचली. हायवेलगत आप्पांचा दुमजली बंगला, गच्चीवर सिमेंटचा गरुड. दिवाणखान्यात आप्पांचे बावीस फोटो होते आणि प्रत्येकात त्यांना कुणीतरी शाल घालत होतं.

"सूनबाईनी पाठवलं व्हय तुमाला?" आप्पा म्हणाले. "चोर सोडून संन्याशाच्या घरी काय करताय?"

"संन्याशाच्या घराला गरुड नसतो, आप्पा. तो सत्काराचा फोटो बघू?"

नवा फोटो मधोमध लावला होता. स्टेजवर ओळीने पाच जण, खांद्यावर शाली, हातात विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरी. चौघे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. पाचवा, माऊली, मान खाली घालून हातातल्या तसबिरीकडे डोळे फाडून बघत होता.

मच्छिंद्र भारावला. "काय भक्ती हाय बघा! फोटो निघतोय याचं भान न्हाई माणसाला."

"नकाशा गेल्याचं हा फोटो काढल्यावर कळलं ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय. ह्याच्यानंतरच आणायला गेलो."

सिंधूबाई, म्हणजे आप्पांच्या मालकीण, आत कपाटापाशी बसल्या होत्या. राजनंदिनी त्यांच्या मांडीवर झोपली होती. नकुशीबाईंनी गोड बोलायचा प्रयत्न केला. तो त्यांना जमत नसे, पण सिंधूबाईंना बोलायला कुणी लागतच होतं.

कपाट उघडलं. आत शालींची चळत, नॅपकिन, स्टीलचे डबे, तसबिरी.

"हे सगळं आलेलं. आन् हेच जायचं. इकत आणायला आमी काय येडे हाय व्हय? ही शाल बघा, कडंला उदबत्तीनं भोक पडलंय. सात सत्कार झाले हिचे. आमदाराला घातली तरी फिरून आमच्याकडंच आली." सिंधूबाईंनी अभिमानाने घडी दाखवली. "तो माऊली नुस्ता उधळ्या. पितळी काठाच्या नव्या कोऱ्या तसबिरी आणल्या. पाव्हण्यांना ठीक हाय. घरच्या माणसाला नवी कशाला हो? जुनीत काय देव न्हाई का?"

"बरोबर आहे."

"आन् झडतीत ह्या मेल्यानं भिंतीवरचे देव बी खाली उतरवले. एकेक उलटा करून बघितला. पाप लागतं म्हणलं तर ऐकंना." त्यांनी आवाज खाली आणला. "सूनबाईला मी काय कमी केलं? तिच्या भावाच्या वास्तुशांतीला नवी कोरी, पितळी काठाची तसबीर दिली. त्याच्या हातात दिली, स्वतः. आन् ही अशी निघाली."

मांडीवरची पोर जागी झाली. तिने विचारलं, "आय आली?" सिंधूबाईंनी तिला थोपटलं आणि दुसरीकडे बघितलं. नकुशीबाई उठल्या.

बाहेर पडल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "म्हातारी कंजूस हाय, पर मनानं वाईट न्हाई."

"चार वर्षांच्या पोरीला आईपासून तोडून मांडीवर थोपटणारी बाई मनाने कशी असते, ते मला माहीत नाही, मच्छिंद्रराव. तुम्हीच सांगा."



माऊलीचं ऑफिस पत्र्याच्या शेडमध्ये होतं. बाहेर मोठा फ्लेक्स होता. माऊलीचा हात जोडलेला फोटो, मागे भीमा नदी, आणि खाली मजकूर, 'जुन्या व भंगलेल्या देव-तसबिरी संकलन अभियान'. रविवारी वडगाव रासाईच्या घाटावर विधिवत विसर्जन होतं. अभियान सुरू झाल्याची तारीखही दिलेली होती. सत्कारानंतरचा तिसरा दिवस.

आत तसबिरींचा ढीग होता, दोनशेच्या वर.

"लोकं पिंपळाखाली टाकून देत्यात हो देवाला," माऊली म्हणाला. त्याचा शर्ट इतका पांढरा होता की बघवत नव्हता. "आपल्याला बघवत न्हाई. मग घरोघर फिरून गोळा करतोय. वरवंड, केडगाव, पाटस, समदीकडं."

मच्छिंद्रने श्रद्धेने एक तसबीर उचलली आणि "आई गं!" म्हणून सोडली. मागच्या बाजूला वाकलेला खिळा बाहेर आला होता, तो बोटात गेला. मागचा पुठ्ठा अर्धा लोंबत होता.

"खिळे काढलेत की ह्याचे!"

"काच येगळी करावी लागती. नदीत काच टाकून चालंल का? पर्यावरण हाय."

मच्छिंद्रने बोट चोखत तसबीर सुलटी केली. काचेत त्याला स्वतःचं तोंड स्वच्छ दिसलं.

"सत्काराचं नियोजन तुमचंच ना?" नकुशीबाईंनी विचारलं. "छान झालं म्हणे."

माऊली फुलला. "एक नंबर. आपलं काम पद्धतशीर. दौंडातनं पितळी काठाच्या तसबिरी आणल्या, मोजून पाच. सत्कारमूर्ती पाच. प्रत्येकीच्या पाठीमागं चिठ्ठी चिकटवली, लाल पेननं नंबर आन् नाव. पयले पुण्याचे पाव्हणे, दुसरे आप्पा, मग सरपंच, मग हेडमास्तर."

"आणि पाचवे?"

"आपणच," माऊली लाजून म्हणाला. स्वतःचा सत्कार स्वतः ठरवून त्याला लाज कशी वाटली, हे एक कोडंच होतं. "आप्पाचा आग्रह."

"नकाशा कुणी घेतला असेल?"

"तोंडानं बोलू नये. वहिनीच. शिकलेली हाय ना."

शनिवारी इंद्रजीत शिरूरला व्याख्यानाला आला होता. हॉलमध्ये तीस माणसं होती. त्यातली दहा आयोजक होती आणि आठ झोपली होती. व्याख्यान झाल्यावर त्याला शाल आणि नारळ मिळाला. दोन्ही त्याने खुर्चीवरच सोडलं आणि झोळी सावरत बाहेर आला.

"त्या खेडवळ लोकांना आपल्याकडे काय आहे हेच कळलं नव्हतं," तो म्हणाला. "मी दहा मिनिटं पाहिला आणि हादरलो. तो हौद सापडला तर पुण्याचा इतिहास नव्याने लिहावा लागेल. तो मीच शोधला, असं म्हणायला हरकत नाही."

"शोधला तुम्ही? ट्रंकेतून काढला, मोडी वाचली, पेठेत जाऊन उच्छ्वासाला कान लावला, ती ज्ञानेश्वरी ना?"

"हो, म्हणजे... स्थानिक माहिती देणारी व्यक्ती. पुस्तकात ऋणनिर्देश करीन."

"माजघरात किती वेळ होता?"

"झब्बा बदलण्यापुरता. माझी झडतीसुद्धा घेतली! माझी! झोळी उलटी केली."

"तुमची तसबीर?"

"ती? भाड्याच्या गाडीत राहिली. ड्रायव्हरने घेतली असेल. घरी कुठे लावणार ते असलं!"

"तुमच्या फेऱ्यांना येणारे लोक जाणते असतात का?"

इंद्रजीत तुच्छतेने हसला. याबाबतीत दोघांचं जमण्यासारखं होतं. "जाणते! एकजण विचारतो खजिना कुठाय. एक बाई विचारते इथे सेल्फी चांगली येईल का. तुमचे ते माऊली आले होते जूनमध्ये. सगळा वेळ मोबाइलवर. त्या पडक्या वाड्यापाशी तेवढे थांबले आणि विचारलं, असं काही खाली निघालं तर वरचं बांधकाम किती वर्षं बंद पडतं. उच्छ्वासाच्या दगडाकडे ढुंकून बघितलं नाही. हा आपला समाज!"

"खरंय," नकुशीबाई म्हणाल्या. "त्या जागेवर कुणाचं बांधकाम व्हायचंय?"

"कुणी बिल्डर आहे. बावीस मजले. मी नाव कशाला लक्षात ठेवू?"

परतीच्या वाटेवर मच्छिंद्र मनातल्या मनात हिशेब मांडत होता. शेवटी म्हणाला, "बाई, हाच चोर. झोळीवाला. श्रेय पायजे त्याला."

"श्रेय घेणाऱ्याला नकाशा लोकांना दाखवावा लागतो. चोरलेला दाखवणार कसा? तो श्रेयचोर आहे, मच्छिंद्रराव. त्याला ट्रंक फोडावी लागत नाही. गाडी केडगावला घ्या."

केडगावात मिशनच्या रस्त्याला ज्ञानेश्वरीच्या भावाचं नवं घर होतं, रंगाचा वास अजून न गेलेलं. दिवाणखान्यात पितळी काठाची विठ्ठल-रखुमाई. नकुशीबाईंनी ती भिंतीपासून जरा पुढे ओढली आणि मागे डोकावून बघितलं. मग त्यांनी गावच्या पोलीस पाटलाला आणि शेजारच्या दोन माणसांना बोलावून आणायला सांगितलं, आणि मोबाइलवर चित्रण सुरू करायला लावलं.

ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं. "बाई, हितं निघाला तर मी मेलेच. चोरीचा माल माहेरात. पोरगी कायमची गेली."

"घाबरू नका. मला दिसलं ते त्यांनाही दाखवीन," नकुशीबाई म्हणाल्या आणि खिळे सरळ करायला लागल्या.

रविवारी सकाळी दहाला वडगाव रासाईच्या घाटावर मंडप होता. स्टेज होतं, माईक होता, आणि अर्थातच शाली होत्या. रणवऱ्यांचं सगळं घर पहिल्या रांगेत बसलं होतं. राजनंदिनी आजीच्या शेजारी होती. इंद्रजीत प्रमुख पाहुणा होता. पर्यावरणाचं त्याला काही कळत नव्हतं, पण बोलावलं की तो जायचा.

तसबिरींचा ढीग पायऱ्यांवर रचला होता. लोक येऊन आपापली तसबीर ढिगात ठेवत होते. मच्छिंद्र पुढे झाला.

"माऊली, ही केडगावची. ज्ञानेश्वरीबाईंच्या भावाकडची. नवीनच हाय, पर काच तडकली, म्हणून दिली."

माऊलीने तसबीर बघितली. पितळी काठ बघितला. उलटी केली, परत सुलटी केली. मग तो हसला, आणि सत्कारानंतर पहिल्यांदाच मनापासून हसला असावा.

"मी बघतो हिचं," तो म्हणाला. तसबीर काखेत मारून तो आपल्या पांढऱ्या गाडीकडे गेला, मागच्या सीटवर ठेवली, कुलूप लावलं आणि हात झटकत परत आला.

नकुशीबाई स्टेजवर चढल्या आणि सूत्रसंचालकाच्या हातातून माईक घेतला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"मंडळी, दोनशे देव पाण्यात जाणार. एकच देव गाडीत बसला. का?"

माऊली म्हणाला, "नवी हाय, वापरात येईल म्हणून..."

"बसा. आज सत्कार तुमचाच आहे." त्या ढिगाकडे वळल्या. "ह्यातली कुठलीही उचला. मागचे खिळे उपटलेत, पुठ्ठे फाडलेत. काच वेगळी करायला म्हणे. पण काचा सगळ्या जागच्या जागी आहेत, पुढून. मच्छिंद्ररावांनी त्यात तोंड बघितलंय. देवाच्या पाठीमागे हा माणूस काय शोधत होता?"

आप्पा उठले. "ओ बाई, काय चाललंय हे?"

"तुमचा नकाशा चाललाय, आप्पा. माजघरात ट्रंक होती आणि सत्काराचं सामान होतं. कापडाचा नकाशा. चार घड्या घातल्या की तसबिरीच्या पुठ्ठ्यामागे बसतो. दोन खिळे वाकवायचे, दोन मिनिटांचं काम. झोळी तपासतील, गाडी तपासतील. पण ज्या घरात चोरी झाली त्याच घराने स्टेजवर, टाळ्यांच्या गजरात दिलेली तसबीर कोण उलटी करून बघणार? चोराने माल स्वतःच्या सत्काराच्या वस्तूत ठेवला. यजमानाच्याच हातून तो घेऊन जाणार होता."

"मग त्या झोळीवाल्याला बी तसबीर मिळाली होती की," मागून कुणीतरी म्हणालं.

"मिळाली. ती त्याने भाड्याच्या गाडीत टाकून दिली. नकाशा असता तर छातीशी धरून नेली असती." इंद्रजीतने झोळी मांडीवर घेतली. "आता सिंधूबाई. पितळी काठाच्या नव्या तसबिरी किती आल्या?"

"पाच," सिंधूबाई म्हणाल्या.

"सत्कार किती जणांचे?"

"पाच."

"मग केडगावच्या वास्तुशांतीला नवी कोरी कुठून दिली?"

सिंधूबाईंनी पदर तोंडाला लावला. आता सगळ्या गावापुढे सांगायचं म्हणजे आफतच होती. "म्या... माऊलीची बदलली. घरच्या माणसाला नवी कशाला? कपाटातली जुनी ठेवली, तिला त्याची चिठ्ठी चिकटवली. आन् नवी वाचली ती सूनबाईच्या भावाला दिली, तो निघाला होता तवा. माऊली मागनं इचारायला आला होता, काकी, माझी तसबीर पितळी न्हवती का? म्या न्हाई म्हणले. कशाला कबूल होऊ?"

मंडपात कुणीतरी फिदीफिदी हसलं. मच्छिंद्र मात्र आत्ता कुठे उभा राहिला होता. "म्हंजी तो फोटो! ती भक्ती न्हवती!"

"नव्हती. स्टेजवर हातात जुनी तसबीर पडली आणि ह्याला कळलं, माल दुसऱ्याच कुणाकडे गेला. पाचशे माणसांसमोर काय बोलणार? म्हणून झडतीचा आग्रह ह्याचाच. चोर शोधायला नव्हे, तसबीर शोधायला. भिंतीवरचे देव उलटे केले ते त्यासाठीच. पण तोवर नकाशा केडगावला पोचला होता. काकी सत्काराच्या वस्तू अख्ख्या तालुक्यात फिरवतात, हे ह्याला माहीत. तिसऱ्या दिवशी अभियान काढलं. पुण्यात त्या हौदावर बावीस मजले उभे राहायचेत, आणि खाली इतिहास निघाला तर काम किती वर्षं थांबतं, हे ह्याने जूनमध्येच विचारून ठेवलंय. पाहुणे साक्षीला आहेत. नकाशा जाळून भागलं नसतं. बिल्डरच्या हातात ठेवल्याशिवाय तो पैसे कशाला मोजील?"

"पुरावा काय?" माऊली ओरडला. "केडगावला निघाला म्हंजी वहिनीनंच ठेवला!"

"मी केडगावला निघाला असं म्हटलंच नाही. केडगावला पोचला म्हणाले. निघाला हे तुम्हाला कुणी सांगितलं? गाडी उघडा."

बरोबर आलेल्या केडगावच्या पोलीस पाटलाने गाडी उघडायला लावली. तसबीर आली. नकुशीबाईंनी ती उलटी करून सगळ्यांसमोर धरली. पाठीवर फाटलेल्या चिठ्ठीचा कोपरा अजून डिंकाने चिकटलेला होता. त्यावर लाल पेनने पाचचा आकडा होता.

"सिंधूबाईंनी चिठ्ठी ओढली, कोपरा राहिला. माऊलींचं काम पद्धतशीर. पाचवा कोण, ते कार्यक्रमपत्रिकेवर छापलंय. ज्ञानेश्वरीला नकाशा भावाकडे द्यायचा असता तर तिने तो पिशवीत घातला असता, माऊलींच्या नावाच्या तसबिरीत नसता खुपसला. आणि आत काय होतं, ते काल तिघा पंचांसमोर काढलंय."

पोलीस पाटलाने पिशवीतून कापडाची घडी काढून उलगडली. फिकट शाईत जमिनीखालचं पुणं होतं, नहराची बारीक रेघ, हौदांचे चौकोन, आणि कडेला ती एक फांदी.

माऊली खाली बसला. त्याचा शर्ट मात्र अजून पांढराच होता.

आप्पांनी इकडे तिकडे बघितलं. मग माईकजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाई, झालं गेलं. पोरगं चुकलं. घरातली गोष्ट घरातच मिटवू."

"सुनेची चोरी चावडीवर," ज्ञानेश्वरी म्हणाली, "आन् पुतण्याची घरात व्हय, आप्पा?"

ती मंडपाच्या कडेला उभी होती. आत्तापर्यंत ती दिसली नव्हती, कारण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. मग आप्पांना जे एकच काम येत होतं, ते त्यांनी केलं. त्यांनी हात वर केला.

"मंडळी, आमच्या सूनबाईनी नकाशा शोधला. तिचा हितंच सत्कार करू! सिंधू, शाल आण!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या वेळी लोक टाळ्याच वाजवतात. सिंधूबाई शाल घेऊन पुढे आल्या. ज्ञानेश्वरीने शालीची कड हातात धरून बघितली. उदबत्तीचं भोक तिथंच होतं.

"ही माझ्या लग्नात माझ्या बापानं आप्पांना घातली होती," ती म्हणाली. "भोक तवा न्हवतं."

टाळ्या थांबल्या.

"मला सत्कार नको. नकाशा उद्या पुण्याला दफ्तरखान्यात जाईल. शोधणाऱ्याचं नाव ज्ञानेश्वरी. रणवरे लावायचं का न्हाई, ते मी जाताना ठरवीन." ती नवऱ्याकडे वळली. तो पहिल्या रांगेत तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. "वरवंडहून केडगाव बसनं अर्धा तास बी न्हाई. इतक्या दिवसांत तुमाला बस मिळाली न्हाई."

"मी येणारच होतो..."

"आता नका येऊ."

तिने राजनंदिनीला उचललं. पोरीने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिथंच राहिली. इंद्रजीत झोळी सावरत मागे धावला. "ताई, उद्या मीही येतो. माझी ओळख आहे तिथे. दोघांच्या नावाने..."

"तुम्ही उच्छ्वासावरच्या जाहिराती खरवडून काढा," नकुशीबाई म्हणाल्या. "त्याला ओळख लागत नाही."

गाडीत बसल्यावर मच्छिंद्रने किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाला, "बाई, एक विचारू? ती शाल म्हातारीनं काय केली?"

नकुशीबाईंनी मागे वळून बघितलं. घाटावर माणसं पांगत होती. कुणीतरी माईकची वायर गुंडाळत होतं. सिंधूबाई पायरीवर एकट्या उभ्या होत्या. त्यांनी शाल झटकली, भोक आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली.

"पुढच्या सत्काराला लागेल," नकुशीबाई म्हणाल्या. "चला."